धुण्याचा दगड

माझ्या मायचे पाय कायम ओले असायचे. सकाळी विहिरीपाशी, दुपारी भांड्यांपाशी, संध्याकाळी पुन्हा विहिरीपाशी. टाचांच्या भेगांत काळी माती बसलेली आणि बोटांच्या मधली कातडी पांढरी पडलेली. परसात विहिरीच्या डाव्या हाताला एक काळा दगड होता, त्यावर ती कपडे धुवायची. दोन हात लांब, हातभर रुंद, पाच बोटं जाड. वरून घासून घासून इतका गुळगुळीत झाला होता की पाणी ओतलं की त्यात आभाळ दिसायचं. मला जाग यायची तीच कपडे आपटण्याच्या आवाजानं. लुगडं आपटलं की जड, दमदार आवाज व्हायचा, आबाजींचं धोतर आपटलं की कोरडा, चापट मारल्यासारखा. अंथरुणात पडल्यापडल्या मला कळायचं, आता धोतर झालं, आता माझा परकर, आता माय उठेल आणि चूल पेटेल. मी लहान असताना तिचं धुणं होईपर्यंत त्या दगडाशेजारी उकिडवी बसून राहायची आणि त्याच्या कडेवरून बोट फिरवायची. कडेला नक्षी होती. एक पान, एक कळी, पुन्हा पान, पुन्हा कळी. कळ्या सगळ्या खाली माना घालून होत्या. ही नक्षी कुणी आणि कशाला कोरली हा प्रश्न मला कधी पडला नाही. घरातल्या पाट्याला टाके असतात तशी दगडाला नक्षी असेल, एवढंच.

वलगावच्या पुढं, पेढी नदीच्या अंगानं आमचं गाव. घरात माणसं मोजकी. वडील अकोल्याला एका शाळेत शिकवायचे आणि जुन्या शहरात मोर्णा नदीच्या पलीकडे एका खोलीत राहायचे, पंधरा दिवसांनी एकदा घरी यायचे. आजी माझ्या आठवणीच्या आधीच वारलेली. म्हणजे घरात आबाजी, माय आणि मी. आबाजी माझे आजोबा. उंच, काटक, बोलणं तुटक. वावर त्यांनी एकट्यानं सांभाळलं होतं आणि आमचं दगडी जोत्याचं घरही त्यांनीच बांधलं होतं. माय त्यांच्याशी बोलत नसे. भांडण नव्हतं, तशी रीतच होती. सासऱ्याला काही सांगायचं तर ती दाराआड उभी राहायची, डोईवरचा पदर कपाळापर्यंत ओढायची आणि माझ्याशी बोलायची. "सुमी, आबाजीले विचार, ताक घेता का." आबाजींना ते स्वच्छ ऐकू यायचं. तरी मी विचारल्याशिवाय ते उत्तर देत नसत, आणि उत्तरही मलाच देत. "सांग तुह्या मायले, घेतो म्हना." ज्वारीच्या कण्या, त्यावर ताक, बाजूला जवसाची चटणी आणि एक कांदा बुक्कीनं फोडलेला. हे त्यांचं रात्रीचं जेवण बारा महिने तेच. ते जेवताना मी दोघांच्या मधला निरोप्या. मला त्यात काही वावगं वाटत नसे. माझ्या नातीला हे सांगितलं तर ती हसते. म्हणते, आजी, एकाच घरात? हो, एकाच घरात, आणि पंधरा वर्षं.

मी सातवीत असताना आमच्या इतिहासाच्या बाईंनी मुलींची सहल काढली. वलगावच्या शाळेतून सहल म्हणजे त्या काळी मोठी गोष्ट. उत्तरेला, सातपुडा निळा दिसायला लागतो त्या बाजूला एक जुना कसबा आहे. तिथं कुण्या सरदाराचा मकबरा आहे. गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. मुलगा म्हणाला, लिहू नको, आणि मलाही ते पटलं. गावाचा काही दोष नाही, आणि दिवस असे आहेत की कुणी कशाचा काय अर्थ काढील सांगता येत नाही. तर आम्ही तिसेक मुली एस.टी.नं निघालो. प्रत्येकीच्या हातात शिदोरीचं फडकं. माझ्या शेजारी जुलेखा. ती वलगावची, तिचे वडील उर्दू शाळेत मास्तर होते. आमची दोघींची दोस्ती पहिलीपासूनची. ती आमच्या घरी यायची, मी तिच्या घरी जायची. आमच्या परसात त्याच दगडावर पाय ठेवून तिनं कितीदा पाय धुतले असतील.

मकबरा गावाबाहेर होता. मोठी कमान, आत मोकळं आवार, मधोमध कोरडा हौद, त्याच्या एका अंगाला लहानशी मशीद आणि समोर उंच चबुतऱ्यावर घुमट. घुमटाचा अर्धा गिलावा गेलेला, त्यातून पिंपळाची फांदी बाहेर आलेली. बाई आम्हाला घुमटाखाली घेऊन गेल्या. आत गार होतं, पारव्यांचा घुमण्याचा आवाज होता आणि दगडी जाळीतून उन्हाचे तुकडे मधल्या मोठ्या कबरीवर पडले होते. बाई सांगत होत्या, सरदार कसा आला, कुठल्या लढाईत पडला. एक म्हातारी बाई हातात झाडणी घेऊन कोपऱ्यात उभी होती. ती तिथली देखरेख करणारी चाँदबी, हे मला नंतर कळलं. बाईंचं बोलणं संपलं आणि सगळ्या जणी शिदोऱ्या सोडायला बाहेर पळाल्या. मी चबुतऱ्याच्या मागच्या बाजूला गेले, तिथं सावली होती. तिथंही कबरी होत्या. मोठ्या कबरींच्या दोन ओळी, आणि त्यांच्या पायथ्याशी कोपऱ्यात लहान लहान दगड. मी त्यातल्या एकावर बसले आणि फडकं सोडलं. भाकर, मिरचीचा ठेचा आणि गुळाचा खडा.

जुलेखा मागून आली आणि म्हणाली, "सुमे, उठ. त्याच्यावर बसू नाई."

"काहून?"

"कबर हाये ते. लहान लेकराची."

मी उठायला म्हणून हात टेकवला. हात दगडाच्या कडेला पडला आणि बोटं तिथंच थांबली. पान, कळी, पान, कळी. मी खाली पाहिलं नव्हतं. बोटांनी आधी ओळखलं. मग मी पाहिलं. तोच काळा दगड, तीच लांबी, तीच पाच बोटांची जाडी, तीच वेल. फक्त इथं कळ्या वर पाहत होत्या. मी उभी राहिले. त्या कोपऱ्यात लहान कबरींचे तीन दगड होते, आणि त्यांच्या ओळीत दगडाएवढेच चौकोनी खड्डे, त्यात गवत वाढलेलं. मी ते मोजले. चार होते. आमच्या दगडावरच्या कळ्या खाली माना का घालून होत्या, ते मला त्या क्षणी समजलं. आमचा दगड उलटा होता.

जुलेखा विचारत होती, काय झालं, चक्कर आली का. मी म्हटलं, हो. तिनं मला पाणी दिलं. तिच्या तोंडाकडे मला पाहवेना. परत येताना एस.टी.त मुली गाण्याच्या भेंड्या खेळत होत्या आणि मी खिडकीच्या गजाला धरून बसले होते. हात सारखा परकराला पुसत होते.

घरी मी कुणाला काही बोलले नाही. काय बोलायचं तेच कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीसारखा आवाज सुरू झाला. लुगड्याचा जड आवाज. पहिल्या आपटण्यालाच मी अंथरुणात दचकून उठून बसले. प्रत्येक वेळी वाटायचं, आता बस, आता थांब. मी कानांवर गोधडी ओढली तरी तो आवाज जमिनीतून यायचा. शाळेतून आल्यावर मी त्या दगडावर पाय धुवायचं सोडलं. विहिरीच्या दुसऱ्या बाजूला चिखलात उभी राहून पाय धुवायची आणि पुन्हा चिखलाचेच पाय घेऊन घरात यायची. तीन दिवस मायनं पाहिलं. चौथ्या दिवशी धुणं धूत असताना तिनं मला हाक मारली.

"इकडं ये. दगडाले काहून भिऊन राहिली तू? इच्चू निंघाला का?"

मी नाही म्हटलं. मग रडायला लागले, आणि रडता रडता सगळं सांगितलं. मकबरा, लहान कबरी, वेल, खड्डे. मायच्या हातात आबाजींचं धोतर होतं, पिळून अर्धं झालेलं. ती ऐकत राहिली. मग तिनं धोतर बाजूला बादलीत ठेवलं, दगडाच्या कडेला बसली आणि वाकून कडेवरून बोट फिरवलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. पंधरा वर्षं ती त्या दगडावर राबली होती, पण तिचे हात वरच्या बाजूला असायचे. कड तिनं कधी पाहिलीच नव्हती बहुधा.

"लेकराची म्हनते?" तिनं विचारलं.

"जुलेखा म्हने, लहान लेकराची."

माय उठली. उरलेले कपडे तिनं तसेच बादलीत टाकले, बादली डोक्यावर घेतली आणि नदीकडे निघून गेली. जाताना तिनं दगडावर एक कोरडं पोतं पसरलं. थंडीनं काकडणाऱ्या माणसाच्या अंगावर घालावं तसं चारी बाजूंनी नीट.

त्या संध्याकाळी आबाजी कण्या जेवत होते. माय दाराआड उभी. "सुमी, आबाजीले विचार, तो धुन्याचा दगड कोठून आनला."

मी विचारलं. मला वाटत होतं, ते म्हणतील माहीत नाही, कुणीतरी दिला. तसं म्हणाले असते तर बरं झालं असतं. त्यांनी घास खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि सरळ सांगितलं.

"म्या आनला. घर बांधलं तवा, तुहा बाप रांगत व्हता. त्या मकबऱ्यातून. तथी ढिगानं पडले व्हते दगड, लोकं गाड्याच्या गाड्या नेत व्हते. अर्ध्या गावाचे उंबरे तथचेच हायत. जोत्याले मोठे आनले, अन् तो एक चांगला दिसला, म्हनून धुन्याले आनला."

माय आतून म्हणाली, "इचार, तो कशाचा हाये ते ठावूक व्हतं का."

आबाजी घोटभर पाणी प्याले. मग म्हणाले, "व्हतं. लिवलेलं व्हतं त्याच्यावर. म्हनून तर उलटा टाकला."

हे ऐकून मला जे वाटलं ते मकबऱ्यातल्या धक्क्याहून मोठं होतं. आमचे आबाजी कुणाच्या वावरातली कैरी तोडू देत नसत. मी एकदा शेजाऱ्याच्या कुंपणातली बोरं आणली तर त्यांनी मला ती परत द्यायला लावली होती, खाल्लेल्या बोरांच्या बिया सुद्धा. आणि हाच माणूस एका लेकराच्या कबरीवरचा दगड उचलतो, त्यावरची अक्षरं पाहतो, आणि ती दिसू नयेत म्हणून दगड उलटा टाकतो. त्यांना ते कळलं नव्हतं असं नाही. उलटा टाकला याचा अर्थच त्यांना कळलं होतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाहून मोठी आहे आणि अजून त्या संध्याकाळचं त्यांचं तोंड मला जसंच्या तसं दिसतं. ते शरमलेलं नव्हतं. ते कंटाळलेलं होतं, जुनी गोष्ट पुन्हा कुणी उकरल्यासारखं.

मायनं विचारायला लावलं की दगड परत नेऊन द्यायचा का. आबाजी म्हणाले, "नेऊन द्याचा? लोकं हासतीन. आज आपन नेला त उद्या ज्याचा त्याचा उंबरा इचारतीन. दगड हाये तो. दगडाले काय समजते?" आणि ताट सारून उठले.

दुसऱ्या दिवसापासून माय धुणं घेऊन नदीला जायला लागली. आमच्या परसात बारमाही पाण्याची विहीर, आणि ती डोक्यावर बादली आणि काखेत गाठोडं घेऊन दीड मैल नदीवर जायची. थंडीचे दिवस, कापूस वेचणीचा हंगाम. धुणं करून यायची, मग वेचणीला जायची, मग स्वयंपाक. आबाजींचं धोतर रोजच्यासारखं स्वच्छ, घडी घालून जागेवर. त्यांच्या कण्या, त्यांचं ताक, काही चुकलं नाही. फक्त सकाळचा तो आवाज बंद झाला. घर मुकं झाल्यासारखं वाटायचं. गावातल्या बायका विचारायला लागल्या, विहीर आटली का, काही बाटलं का. माय म्हणायची, "नाई व, नदीचं पानी चांगलं हाये." पण बायकांच्या तोंडून ते पुरुषांच्या कानावर गेलं आणि पारावर आबाजींना कुणीतरी विचारलंच.

मधल्या एका दिवशी मायनं मला जुलेखाच्या घरी पाठवलं. म्हणाली, तिच्या वडिलांना विचार, अशी वस्तू परत कशी द्यायची असते, त्याला काही रीत असते का. जाताना माझे पाय उचलत नव्हते. जुलेखा समोरच बसली होती आणि तिच्यादेखत मला सांगावं लागलं की आमच्या परसातला तो दगड कशाचा आहे. जुलेखाचा हात तोंडावर गेला. ती उठून आत गेली आणि मला वाटलं, संपलं, आता ही माझ्याशी बोलणार नाही. मास्तर मात्र शांतपणे ऐकत होते. बारीक अंगाचे, पांढरी दाढी, कानात कापसाचा बोळा. ते म्हणाले, "बेटी, त्या मकबऱ्याचे दगड आमच्या मोहल्ल्यातपन हायत. आमच्या विहिरीचा चिरा तथचाच हाये. मला लहानपनापासून माहीत हाये, अन् मी त्याच विहिरीचं पानी पेतो. म्हनून मी तुले काय सांगू." मग थोड्या वेळानं म्हणाले, "रीतबीत काही नाही. तुझ्या मायले सांग, मी संग येतो. लिहिलेलं वाचून देईन." निघताना जुलेखा आतून आली आणि माझ्या हातात एक रुमाल दिला. त्यात खजूर होते. ती मला दारापर्यंत सोडायला आली.

नवव्या दिवशी आबाजी जेवताना मला म्हणाले, "सांग तुह्या मायले, उद्या फाटे गाडी जुतून राहिलो." एवढंच. माझे वडील तेव्हा अकोल्यात होते. त्यांना विचारावं, थांबावं, असं कुणीच म्हणालं नाही. नंतर त्यांना कळलं तेव्हा ते एक वेळ जेवले नाहीत. मला वाटतं त्यांना दुःख दगडाचं झालं नाही. आपल्याशिवाय घरात एवढं घडलं याचं झालं.

उजाडता उजाडता शेजारचे चार गडी आले. पहारी घालून त्यांनी दगड उचलला. खालून ओल्या मातीचा वास आला, पांढरी मुळं आणि गांडुळं. दगड बाजूला घेतला आणि माय एकदम "थांबा" म्हणाली. दगडाच्या जागी जी माती होती तीत अक्षरं उमटली होती. उलटी, उंचावलेली, ओळी ओळीनं. इतकी वर्षं तो दगड तोंड खाली घालून त्या मातीत पडला होता आणि मातीनं ती सगळी अक्षरं आपल्या अंगावर घेतली होती. त्या अक्षरांवरच आम्ही रोजचं साबणाचं पाणी सोडत होतो. गडी मागं सरले. त्यातला एक जण नकळत पायातलं पायताण काढून उभा राहिला. मायनं मूठभर राख आणली आणि त्या मातीवर पसरली, म्हणजे त्यावर कुणाचा पाय पडणार नाही. दगडाला तिनं आपल्या एका जुन्या लुगड्यात गुंडाळलं.

गाडीत कडब्यावर दगड, त्याच्या एका बाजूला माय आणि मी, दुसऱ्या बाजूला वलगावातून बसलेले मास्तर, आणि पुढं बैलांमागं धुरेवर आबाजी. दुपार व्हायच्या आधी आम्ही कमानीत शिरलो. चाँदबी झाडणी घेऊन बाहेर आली. मास्तरांनी तिला सांगितलं. तिनं लुगडं सोडायला लावलं, दगडाकडे पाहिलं, मग आबाजींकडे पाहिलं. मी जीव मुठीत धरून उभी होते. ती ओरडेल, शिव्या देईल, माणसं बोलावेल. ती म्हणाली, "मेरी सास कहती थी, बच्चों की सात हैं. तीन रही. चार के पत्थर कहाँ गये, किसी को नहीं मालूम. ये कौनसी की है?"

मास्तरांनी पाणी मागितलं. मायनं दगडावर पाणी ओतलं आणि तुराटीच्या काडीनं एकेक अक्षरातली माती काढायला लागली. अक्षरं वर यायला लागली तशी आम्ही सगळे वाकून पाहू लागलो. आत्ताच कुणी टाकी ठेवून उठल्यासारखी ती धारदार होती. मास्तरांनी जाऊन उरलेल्या तीन दगडांवरून हात फिरवला. त्यांच्यावर काहीच वाचता येत नव्हतं. ऊन, पाऊस, शेळ्यांचे खूर, पोरांचे पाय, सगळ्यांनी मिळून ते सपाट केले होते. मास्तर परत आले, चष्मा पुसला आणि वाचलं. मुलीचं नाव गुलरुख. वय तीन वर्षं. बाकी एक ओळ दुआची होती.

चाँदबी खाली बसली. तीस वर्षं ती ते आवार झाडत होती आणि त्या कोपऱ्यातल्या कुणाचंच नाव तिला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "फिर से बोलो." मास्तरांनी पुन्हा वाचलं. तिनं ते नाव दोन-तीनदा तोंडातल्या तोंडात म्हटलं.

तेव्हा आबाजी बोलले. इतका वेळ ते बैलांपाशी उभे होते, आता जवळ आले होते. त्यांचा आवाज जरा मोकळा झाला होता. म्हणाले, "पाह्य बरं. बाकीच्याईचं सारं पुसलं. म्या नेला म्हनून हे नाव वाचलं."

माय दगडाजवळ बसली होती. ती उठली. पदर डोक्यावर होता, पण तिनं तो पुढं ओढला नाही. माझ्याकडे पाहिलं नाही. सरळ आबाजींकडे पाहिलं.

"मामाजी," ती म्हणाली, "तिच्या मायले कोनी इचारलं व्हतं का?"

पंधरा वर्षांत तिनं त्यांच्याशी उच्चारलेला हा पहिला शब्द. उत्तर द्यायला आबाजींनी सवयीनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी काही निरोप घेतलेला नव्हता. मग ते वळले आणि बैलांकडे गेले. त्यांची पाठ मला तेव्हा पहिल्यांदा वाकलेली दिसली.

दगड कुठे बसवायचा यावर चाँदबीनं फार विचार केला नाही. चार खड्ड्यांपैकी ज्यात तो नीट बसला त्यात बसवला. गावातली दोन माणसं तिनं हाक मारून आणली होती. मास्तरांनी हात पसरून दुआ मागितली. मायनं हात जोडले. चाँदबीनं आम्हाला तिच्या खोलीत नेऊन सुरईतलं पाणी दिलं आणि मुरमुरे. माय पाणी प्याली. आबाजींसाठी मी तांब्या घेऊन गेले. त्यांनी तो माझ्या हातून घेतला, बराच वेळ हातात धरला, आणि मग सगळं पाणी एका दमात प्याले.

परतीला मास्तर वलगावला उतरले. ऊन उतरायला लागलं होतं, दोन्ही बाजूंना वेचून झालेल्या पऱ्हाट्या आणि मधून मधून राहिलेली पांढरी बोंडं. गाडीत मोकळी जागा झाली होती, तरी माय आणि मी सकाळसारख्याच एका कडेला बसलो होतो. मी दमले होते, मायच्या मांडीवर डोकं ठेवलं. ती बराच वेळ माझ्या केसांतून हात फिरवत होती. मग म्हणाली, अगदी हळू नाही, साध्या आवाजात, "तुह्या आंधी एक झाली व्हती."

मला आधी समजलं नाही. "काय झालं व्हतं?"

"पोरगी. तेरा दिवस जगली."

मी उठून बसले. मी या घरात बारा वर्षं वाढले होते. मी पहिली, मी एकटी, असंच सगळे म्हणत आले होते. मला एक बहीण होती हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी मायच्या तोंडाकडे पाहत राहिले. ती माझ्याकडे पाहत नव्हती, रस्त्याकडे पाहत होती.

"कोठी हाये ती?" मी विचारलं.

"आपल्या वावरात. धुऱ्यावरच्या बाभळीखाली. तुह्या बाबानं अन् आबाजीनं नेलं. मले घरातून उठू नाई देल्लं, बाळंतीन व्हती म्हनून. मंग कोनी नावच नाई काढलं तिचं. म्या तथी जाऊन बसलीच नाई कधी."

बांधावरच्या त्या बाभळीखाली मी दरवर्षी वेचणीच्या दिवसांत दुपारची भाकर खायची, आणि माय मात्र लांब पऱ्हाटीतच बसायची. मी विचारलं, "नाव काय व्हतं तिचं?"

"बारसं नाई झालं." मग म्हणाली, "म्या मनात ठेवलं व्हतं."

ते काय, हे तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही. पुढं ती गेली तोपर्यंत विचारायचं राहिलंच.

आबाजी धुरेवर आमच्याकडे पाठ करून बसले होते. गाडीचा आवाज होता, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज होता, तरी त्यांना सगळं ऐकू गेलं होतं, कारण त्यांनी बैलांना हाकणं बंद केलं होतं. आमचं वावर आलं. घर जवळ आल्याचं बैलांना कळतं, ते पावलं उचलायला लागले. आबाजींनी कासरा आवळला. बैल मानेनं ओढत होते, त्यांनी दोन्ही हातांनी त्यांना धरलं. गाडी बाभळीच्या समोर थांबली.

माय हलली नाही. आबाजींनी मागं वळून पाहिलं नाही. समोर बैलांच्या शिंगांकडे पाहत ते बोलले, आणि माझ्याशी नाही.

"जा, बाई. बसून ये. बैल म्या धरले हायत. घाई नाई."